मदत हवी आहे: पोस्टग्रेस डेटाबेसमधली क्वेरी (डेटाची मागणी) अडकली आहे, कॅन्सलही होत नाही

पोस्टग्रेस १४, लिनक्सवर. रात्रीच्या रिपोर्टची सिलेक्ट क्वेरी साडेतीन तासांपासून पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटीत (चालू कनेक्शनांच्या यादीत) 'ॲक्टिव्ह' दिसतेय. एरवी २० मिनिटांत उरकते. सुमारे ९० लाख ओळी, क्लायंट (क्वेरी पाठवणारं ॲप) जावाचा, जेडीबीसीवरून (जावाला डेटाबेसशी जोडणारा दुवा). पीजी_कॅन्सल_बॅकएंड (क्वेरी रद्द करायचं फंक्शन) चार वेळा चालवलं, दर वेळी 'टी' (ट्रू) येतं, पण क्वेरी जागची हलत नाही. स्टेटमेंट_टाइमआउट (क्वेरीला दिलेली कमाल वेळ) ३० मिनिटांचा आहे, तोही लागू पडला नाही. त्यात कुणीतरी त्याच टेबलवर अल्टर टेबल (टेबलची रचना बदलणारी कमांड) सोडलं आणि आता साधे सिलेक्टही खोळंबलेत. किल -९ (प्रोसेस जबरदस्तीने मारणारी लिनक्सची कमांड) मारू का?

प्रतिसाद १
किल -९ अजिबात नको. एक बॅकएंड (एका कनेक्शनसाठीची सर्व्हरवरची प्रोसेस) असा मेला की सगळ्यांची शेअर्ड मेमरी बिघडली असेल असं धरून पोस्टमास्टर (पोस्टग्रेसची मुख्य प्रोसेस) बाकीचे सगळे बॅकएंड पाडतो आणि क्रॅश रिकव्हरीला बसतो. एका रिपोर्टपायी सगळ्यांची कनेक्शनं जातील.

'टी' म्हणजे सिग्नल पाठवला, एवढंच. बॅकएंड तो लगेच पाळत नाही. आधी झेंडा लावून ठेवतो आणि कोडमधल्या ठरावीक जागी पोचला की बघतो. त्या पीआयडीचे (प्रोसेस क्रमांकाचे) वेट_इव्हेंट_टाइप आणि वेट_इव्हेंट द्या, म्हणजे तो कशासाठी थांबलाय ते कळेल. टॉप या कमांडमधली 'एस' कॉलमची (प्रोसेसच्या अवस्थेची) नोंदही द्या. तिथे 'डी' असेल तर गाठ डिस्कशी किंवा एनएफएसशी (नेटवर्कवरच्या डिस्कशी) आहे, मग किल -९ सुद्धा ऐकलं जाईलच असं नाही. 'आर' (चालू) असेल, सीपीयू १०० टक्के आणि वेट_इव्हेंट रिकामा असेल, तर एखाद्या एक्स्टेन्शनच्या (पोस्टग्रेसला जोडलेल्या जादा कोडच्या) सी फंक्शनवर संशय घ्या.

प्रतिसाद २
तोवर अल्टरचा पीआयडी कॅन्सल करा. ते नुसतं लॉकची वाट बघतंय, त्यामुळे लगेच सुटेल. रिपोर्टचा ॲक्सेस शेअर लॉक (नुसतं वाचणाऱ्याचा लॉक) इतर सिलेक्टना नडत नाही. नडतंय ते रांगेत मध्येच उभं राहिलेलं अल्टर. कोण कुणाला अडवतंय त्याची पीजी_ब्लॉकिंग_पिड्सने खात्री करून घ्या. पुढच्या वेळी अल्टरआधी त्याच सेशनमध्ये लॉक_टाइमआउट (लॉकची वाट बघायची मर्यादा) ३ सेकंद ठेवा.

धागाकर्ता
अल्टर काढताच सिलेक्ट वाहते झाले. रिपोर्टचं: टाइप 'क्लायंट', इव्हेंट 'क्लायंटराइट'. टॉपमध्ये 'एस' (झोपलेली), सीपीयू ०. एसएस -टीएनपी (नेटवर्क कनेक्शनं दाखवणारी कमांड) मध्ये सर्व्हरकडचा सेंड-क्यू (पाठवायच्या डेटाची रांग) भरलेला, ॲपच्या मशीनवर रिसीव्ह-क्यू (आलेल्या पण न वाचलेल्या डेटाची रांग) भरलेला. दोन्ही आकडे हलत नाहीत.

प्रतिसाद १
मग क्वेरी अडकलेली नाहीच. ती ओळी घेऊन दारात उभी आहे आणि आत घेणारं कुणी नाही.

पाठवताना अर्ध्या मेसेजवर क्वेरी सोडली तर उरलेला प्रोटोकॉल (दोघांमधल्या संवादाची ठरलेली रचना) विस्कटतो, म्हणून या अवस्थेत बॅकएंड कॅन्सल मानत नाही. स्टेटमेंट_टाइमआउटही आतून तेच कॅन्सल करतो, म्हणून तोही पडून राहिला. कीपअलाइव्हचा (समोरचं मशीन जिवंत आहे का ते तपासण्याच्या सोयीचा) इथे उपयोग नाही, कारण ॲपचं मशीन जिवंत आहे आणि त्याचा कर्नल उत्तरं देतोय.

टर्मिनेट मात्र इथे चालतं, कारण कनेक्शनच तोडायचं असल्यावर प्रोटोकॉल सांभाळायची गरज उरत नाही. पीजी_टर्मिनेट_बॅकएंडला पीआयडीनंतर ५००० (मिलिसेकंद) द्या, म्हणजे ५ सेकंद वाट बघून खरंच गेला की नाही ते सांगेल (ही सोय १४ पासूनच आहे). ॲपला नीट एरर मेसेज मिळणार नाही, कनेक्शन तुटल्याचंच दिसेल. मग ॲपचा जीसी लॉग (जावा नको असलेली मेमरी मोकळी करतं, त्याची नोंद) उघडा.

धागाकर्ता
'टी' आलं आणि पीआयडी गेला. जीसी लॉगमध्ये एकापाठोपाठ एक फुल जीसी. हीप (ॲपला दिलेली मेमरी) ४ जीबी. कोडमध्ये फेचसाइज (एका वेळी किती ओळी आणायच्या तो आकडा) कुठेच नाही.

प्रतिसाद २
तिथेच घोळ आहे. फेचसाइज दिला नाही तर जेडीबीसी ड्रायव्हर सगळ्या ओळी एकदम मेमरीत घेतो. ९० लाख ओळींत हीप भरली, ॲप कचरा उपसत बसलं आणि सॉकेट वाचायचं राहिलं.

सेटफेचसाइज १००० ते ५००० ठेवा आणि ऑटोकमिट (प्रत्येक कमांडनंतर आपोआप होणारं कमिट) बंद करा. ऑटोकमिट चालू असेल तर ड्रायव्हर फेचसाइजकडे बघतही नाही. नव्वद टक्के लोक इथेच फसतात, असा माझा अंदाज. रिझल्टसेट फॉरवर्ड-ओन्ली (फक्त पुढे वाचता येणारा) हवा आणि वाचलेल्या ओळी लिस्टमध्ये साठवू नका, नाहीतर पुन्हा तेच. यानंतर ॲप रेंगाळलंच तर सेशन 'आयडल इन ट्रान्झॅक्शन' (ट्रान्झॅक्शन उघडं, पण काम थांबलेलं) दिसेल. तिथे आयडल_इन_ट्रान्झॅक्शन_सेशन_टाइमआउट लागू पडतो. रिपोर्टच्या रोलला (डेटाबेस युजरला) १० मिनिटांचा लावून टाका.