मूळ वही काचेत नाही, म्हणून मालगुंड टाळायचं?

शनवारकर: ‘गणपतीपुळ्याला गेलात तरी मालगुंडच्या केशवसुत स्मारकात वेळ घालवू नका, कवीच्या हातचा कागद काचेत नसेल तर ते संग्रहालय कसलं?’ हा इथला कालचा सल्ला वाचून राहवलं नाही. पुळ्याहून मालगुंड जेमतेम दोन किलोमीटर. आधी केशवसुत १८६६ साली जन्मले ते घर बघा, मग दगडांवर कोरलेल्या कविता, शेवटी आधुनिक कवींचं दालन. उलटं गेलं की माणूस दालनातच दमतो आणि घर उरकलं जातं.

कट्टेकरी: जन्मघर आहे, कवितेचं घर नाही! केशवसुतांचं मॅट्रिक पुण्यात, न्यू इंग्लिश स्कूलमधून, १८८९. ‘तुतारी’ मुंबईत, १८९३. पुढे फैजपूर, धारवाड. १९०५ला हुबळीत प्लेगनं गेले. मग मालगुंडला निदान मूळ कागद तरी दाखवा.



कागदवेडा: मूळ कागद कायमचा मांडा म्हणणाऱ्यांनी कोकणातला जुलै लक्षात घ्यावा. आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर टिकली की बुरशी धरते. तिथे पावसाळ्यात ती ८५च्या पुढे असते. कागदाला ४५ ते ५५ हवी. काचपेटीत ओल शोषणारं सिलिका जेल ठेवलं, तरी ते भरलं की तापवून सुकवावं लागतं, नाहीतर पेटी आतून दमट. त्या काळची लोहयुक्त शाई आम्लधर्मी, ओल लागली की अक्षराच्या रेघेवरच कागद खाल्ला जातो. उजेडही ५० लक्सच्या आत हवा. मूळ वही आम्लमुक्त पेटीत, कोरड्या खोलीत. मांडायची ती उत्तम प्रत.

कट्टेकरी: म्हणजे पुण्याहून तीनशे किलोमीटर जाऊन झेरॉक्स बघायची? एसी लावा की!

कागदवेडा: दिवसा एसी आणि रात्री बंद, याच्याइतकं वाईट काही नाही. आर्द्रता वरखाली झाली की कागद फुगतो, आक्रसतो, घडीवर तुटतो. आणि कौलारू घर हवाबंद केलंत तर वासे कुजतील, वाळवी लागेल. कागद वाचवायला घर घालवणार का?

कट्टेकरी: बरं, प्रत चालेल. पण शेजारी ‘प्रत’ असं ठळक लिहा आणि मूळ कुठे आहे तेही लिहा. जन्मघराबद्दल माझं मत तेच.

शनवारकर: ‘प्रत’ लिहिलेल्या पाटीचं मान्य. पुण्याहून जाणाऱ्यांनी कुंभार्ली घाट उतरून चिपळूण, पुढे निवळी फाट्याला वळावं. १९९४ला कुसुमाग्रजांच्या हस्ते उघडलेलं हे स्मारक पुळ्याच्या दर्शनानंतरच्या उरल्या वेळात बसवू नका, त्यासाठी सकाळ मोकळी ठेवा.