मदत हवी आहे: बाबांच्या पायासाठी बोन मॅरोच्या पेशींचा उपचार कुणी घेतलाय का?

नमस्कार मंडळी. बाबा ६८ वर्षांचे, मधुमेह जुना. उजव्या पायाच्या रक्तवाहिन्या गुडघ्याखाली जवळजवळ बंद आहेत. अंगठ्याचं टोक काळं पडलंय. रात्री ते पाय पलंगावरून खाली सोडून बसून राहतात; तसं केलं की थोडं रक्त उतरतं आणि ठणका जरा कमी होतो. घोट्याच्या आणि दंडाच्या रक्तदाबाचं गुणोत्तर ०.३५ आलंय, निरोगी माणसात ते १ च्या आसपास असतं. अँजिओप्लास्टी फसली, बायपास जोडायला खाली चांगली वाहिनी नाही.

आता कमरेच्या हाडातला मगज काढून त्यातल्या पेशी पोटरीत टोचायचं सुचवलंय, म्हणजे नव्या बारीक वाहिन्या फुटतील. जपानमधल्या २००२ च्या अभ्यासाने मोठी आशा दाखवली होती. नेदरलँड्समधल्या १६० रुग्णांच्या चाचणीत मात्र, जिथे पेशी धमनीतून सोडल्या होत्या, पाय कापावे लागण्याचं प्रमाण कमी झालं नाही. तो निकाल २०१५ चा. तो वाचल्यापासून जीव थाऱ्यावर नाही.

कुणाच्या घरी हे केलंय का? पेशी स्नायूत टोचल्या की धमनीतून सोडल्या? जखम खरंच भरली, की फक्त दुखणं कमी झालं? डोळ्यांचा पडदा आधी तपासला होता का? बाबांना तोही त्रास आहे, आणि नको तिथे वाहिन्या वाढल्या तर, ही धास्ती वाटते. अनुभव कसाही असो, कृपया लिहा. निर्णय याच आठवड्यात घ्यायचाय.