सापाचं तोंड 'आलं' म्हणायचं की 'चिघळलं'?

नमस्कार मंडळी. आम्ही इंग्लंडात असतो, लेकीने बॉल पायथन (छोट्या जातीचा अजगर) पाळलाय, इकडे त्यालाच रॉयल पायथन म्हणतात. त्याला माउथ रॉट झालंय, म्हणजे तोंडात जंतूंचा संसर्ग, डॉक्टर स्टोमॅटायटिस म्हणाले. आईला फोनवर सांगायला शब्दच सापडेना, शेवटी 'तोंड आलंय' म्हटलं तर ती म्हणाली तूप लाव, उष्णता झाली असेल. मराठीत याला नेमकं काय म्हणतात?

---

पुस्तकी शब्द आहे तो मुखपाक, आयुर्वेदातला. यातला पाक म्हणजे पिकणं, गुदपाकात आहे तोच. पण बोलताना कोणी वापरत नाही. 'तोंड येणं' मात्र सापाला अजिबात लावू नका ताई, कारण आपलं तोंड आलं की चार दिवस तिखट सोडतो आणि ते आपोआप बरं होतं, ऐकणाऱ्याच्या डोक्यात तेच येतं, आणि सापाचं हे आपोआप बरं होत नाही, आत हाडापर्यंत जातं.

---

आम्ही सर्पमित्र सरळ 'तोंड चिघळलंय' म्हणतो. नागपंचमीच्या सुमारास गारुड्यांकडून सोडवलेले नाग येतात, विषदंत उपटलेले, काहींचं तर तोंड दोऱ्याने शिवलेलं, त्यांना आमच्यात 'दात पाडलेला नाग' म्हणतात. बघवत नाही हो. दोरा कापून तोंड उघडलं की हिरडी सुजलेली आणि विषदंताच्या जागी पिवळट खड्डा. त्याला 'आलं' कसं म्हणणार? आणि इथे वाचणाऱ्यांसाठी, आपल्याकडचे साप घरात ठेवायला 1972 च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे, ताईंचं तिकडचं वेगळं.

---

मी प्राण्यांची डॉक्टर आहे. 'चिघळणं' छानच शब्द आहे, पण ती पुढची पायरी झाली, सुरुवातीला नुसतं खरचटलेलं किंवा सोलवटलेलं असतं. साप काचेवर, जाळीवर नाक घासत राहतो तेव्हा शेंड्याचा खवला सोलवटतो, किंवा काचेवरच झेप घेतो आणि दात मोडतो (दात परत येतात, त्याची काळजी नको, पण फट पडते तिथून जंतू शिरतात), किंवा जिवंत उंदीर दिला तर तोच सापाला चावतो, म्हणून मेलेलाच द्यावा. त्यानंतर हिरडीवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके दिसतात, त्यांना 'पुरळ' म्हणू नका, ते आतल्या आत झालेले रक्ताचे ठिपके असतात. मग सूज, चिकट लाळ, ओठ नीट मिटत नाहीत, खाणं बंद.

माझा आक्षेप 'पू' या शब्दाला आहे. पू म्हटलं की आपण काहीतरी वाहणारं शोधतो आणि सापात तसं नसतं, त्यांच्या पेशी वेगळ्या असतात त्यामुळे पू पातळ होतच नाही, पनीरच्या चुऱ्यासारखा घट्ट पांढरा-पिवळा गोळा दातांच्या ओळीला चिकटून बसतो. दातांवर हिरडीची घडी असते त्यात तो लपतो आणि पाळणारे म्हणतात 'पू नाहीये, बरंय की'. मी 'घट्ट पू' असंच सांगते. तो नखाने खरवडू नका, खाली रक्त येतं. डॉक्टर काढतात, पातळ केलेल्या पोव्हिडोन आयोडिनने किंवा क्लोरहेक्सिडिनने धुतात, घट्ट पू कल्चरला (कोणते जंतू आहेत ते तपासायला) पाठवतात, गरज पडली तर एक्स-रे काढून हाड बघतात आणि अँटिबायोटिकचं इंजेक्शन देतात. हायड्रोजन पेरॉक्साइड घरी ओतू नका. धुताना डोकं थोडं खाली ठेवायचं, श्वासनळीचं तोंड खालच्या जबड्यातच पुढे असतं, घाण आत ओढली गेली की न्यूमोनिया.

---

खूप आभार ताई. म्हणजे आमच्याकडे हिरडी चिघळलीय असं सांगते. पण तो खाल्ल्यावर जबडा ताणतो तेही लक्षणच का?

---

नाही, ती 'जांभई', जबडा परत जागेवर बसवतो. 'आ वासून' बराच वेळ राहिला, मान वर करून तोंडाने श्वास घेतोय, तोंडात बुडबुडे येतायत, तर तो निराळा आजार, श्वासाचा. पायथनमध्ये सर्पेंटोव्हायरस म्हणून एक विषाणू 2014 मध्ये ओळखला गेला, त्यातही तोंडात लाळ साचते. असं असेल तर त्याच दिवशी दाखवा आणि घरात दुसरे साप असतील तर वेगळे ठेवा, हात धुवा.

आणि पेटीच्या गरम बाजूचं तापमान आजच मोजा. बॉल पायथनला तिथे 31 ते 33 अंश लागतं. गारठ्यात त्याची प्रतिकारशक्ती पडते, मग इंजेक्शनं देऊनही जखम भरत नाही.

---

सर्पमित्र दादांना विचारते, जखम भरताना तुम्ही 'खपली धरली' म्हणता का?

---

नाकावर धरते, तिथे म्हणतो. तोंडाच्या आत ओलावा असतो, खपली धरत नाही, तिथे 'हिरडी गुलाबी झाली' म्हणतो.