कॉलेजात ‘नॉन-वेस्टर्न’ कोर्सची सक्ती: हवी की नको?

चिंचगूळ (धागाकर्ती)
लेक न्यू जर्सीत कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आहे, कॉम्प्युटर सायन्स. जनरल एज्युकेशनमध्ये एक कोर्स पाश्चात्य नसलेल्या संस्कृतीचा घ्यावाच लागतो. तिने दक्षिण आशिया घेतला. हिशोब सरळ होता, घरचंच आहे, ‘ए’ आयता मिळेल. पहिल्याच पेपरला सी प्लस. तिने लिहिलं होतं की दिवाळी म्हणजे राम अयोध्येला परतला तो दिवस. बाईंनी समासात लिहिलं, ‘तुमच्याकडे पाडव्याला काय म्हणतात? आजीला विचार.’
म्हणजे फी कॉलेजला भरायची आणि शिकवायचं आमच्या आईने! ज्याला आवड आहे त्याने खुशाल घ्यावं, सक्ती कशाला? त्याऐवजी स्टॅटिस्टिक्स घेतलं असतं तर उन्हाळ्यात इंटर्नशिपला तरी उपयोग झाला असता.

हिशेबनीस
+१. कर्ज काढून शिकणाऱ्या पोरांना हे चोचले परवडत नाहीत.

वळचण
चिंचगूळ, रागावू नका, पण त्या बाईंना माझ्याकडून एक नारळ द्या.
आमच्याकडे नरकचतुर्दशीला अंघोळ झाली की तुळशीपाशी पायाच्या अंगठ्याने कारीट फोडायचं. ते कडू बी जिभेला लावायचं, मग फराळ. ते कारीट म्हणजे नरकासुर. पलीकडे गोव्यात त्याचे भले थोरले पुतळे रात्रभर मिरवून पहाटे जाळतात. आणि पाडव्याला आजी ओवाळताना म्हणायची, ‘इडा पीडा टळो, बळीचं राज्य येवो.’ ज्या बळीला वामनाने पाताळात धाडलं, त्याचंच राज्य मागायचं! दरवर्षी ऐकत होतो, पण यात काही विचित्र आहे हे मला तिशी उलटेपर्यंत सुचलं नव्हतं.
हाच बळी जोतीराव फुल्यांनी उचलला आणि त्यातून शेतकऱ्यांच्या, शूद्रांच्या इतिहासाची वेगळीच मांडणी केली. ‘गुलामगिरी’ १८७३ ची. ती त्यांनी अर्पण कोणाला केलीय? गुलामांना मुक्त केल्याबद्दल अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. म्हणजे तुमच्या लेकीला आजीला फोन करून जे कळेल, त्याचं एक टोक ती राहते त्याच देशाला येऊन मिळतं. स्टॅटिस्टिक्स कुठे पळून जात नाही. हे मात्र कोणी विचारलं नसतं तर तिने आपणहून विचारलं असतं का?

उलटतपासणी
वळचण, प्रतिसाद झकास, पण तो चांगल्या बाईंचा पुरावा आहे, सक्तीचा नव्हे.
मुळात ‘नॉन-वेस्टर्न’ ही काय भानगड आहे? जपानचं ‘नो’ नाट्य, नायजेरियातले इग्बो, माया लोकांची पंचांगं आणि आपला बळी, सगळं एका गोणीत. त्यात हात घालून काहीही एक काढा, चौकटीत टिक करा, सुटलात.
स्टॅनफर्डचं प्रकरण आठवतंय का? तिथे १९८० पासून पहिल्या वर्षाला ‘वेस्टर्न कल्चर’ सक्तीचं होतं, ठरलेल्या ग्रंथांच्या यादीसकट. १९८७ मध्ये विद्यार्थ्यांनी त्याविरुद्ध मोर्चा काढला, कृष्णवर्णीयांचे नेते जेसी जॅक्सनही तिथे होते. ३१ मार्च १९८८ ला प्राध्यापकांच्या सिनेटने ३९ विरुद्ध ४ मतांनी तो कोर्स बदलला. अमेरिकेचे तेव्हाचे शिक्षणमंत्री विल्यम बेनेट तिथे जाऊन तावातावाने बोलले, जणू प्लेटोला देशोधडीला लावलंय. प्रत्यक्षात प्लेटो जागेवरच राहिला, फक्त शेजारी चार खुर्च्या मांडल्या.
ते तरी एका पंगतीत होतं. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात बघा. १९१९ पासूनचा ‘कंटेम्पररी सिव्हिलायझेशन’ सगळ्यांना सारखा, वर्षभर, मुख्यतः युरोपीय विचारवंतांचा. बाकीच्या जगासाठी ‘ग्लोबल कोअर’ची यादी, त्यातले कुठलेही दोन कोर्स घ्या. अंगतपंगत एकीकडे आणि आपलं ताट ओसरीवर. याला मान म्हणायचा?

वळचण
ओसरीवर का होईना, ताट वाढलंय. आधी तेही नव्हतं. आणि त्याच कोलंबियात १९१३ ते १६ आंबेडकर शिकले, तेव्हा तर हा ‘कंटेम्पररी’ही नव्हता.

उलटतपासणी
हे म्हणजे ‘निदान जेवायला बोलावलं’ छाप उत्तर झालं.

दोन_डगरींवर
मी मिनेसोटात राहते. इथल्या कार्लटन कॉलेजात एलिनॉर झेलियट यांनी १९६९ ते १९९७ इतिहास शिकवला. आंबेडकर, महार समाज, चोखामेळा, दलित कविता. मिडवेस्टमधल्या छोट्या कॉलेजांची मुलं कित्येक वर्षं पुण्यात येऊन घराघरांत राहायची, मराठी शिकायची. शेतात वाढलेल्या एका गोऱ्या बाईंना मी ‘चहा टाकू का’ म्हणताना ऐकलंय. एका कोर्सने माणूस बदलत नाही हे मान्य. पण दार कुठे आहे ते तरी दिसतं.

हिशेबनीस
दार दिसायला चार क्रेडिट?

खडूचा_डबा
इथे महाराष्ट्रात शिकवतो, म्हणून एक आगाऊ शंका. आपल्याकडे नव्या धोरणानुसार पदवीला भारतीय ज्ञान परंपरेचे दोन क्रेडिट आले. ठीक. पण चीन, इराण, आफ्रिका? माझ्या वर्गात विचारलं, मलिक अंबर कुठला? ‘औरंगाबादचा.’ त्याने खडकी, म्हणजे पुढचं औरंगाबाद, वसवली, हे पाठ. तो इथिओपियात जन्मला आणि गुलाम म्हणून विकला जात जात दख्खनला पोचला, हे साठातल्या दोघांना ठाऊक. इथिओपिया नकाशावर दाखवा म्हटलं तर तेही दोघे गार. अमेरिकेने आपल्याला ओसरीवर बसवलं म्हणून रडतो, आपण तर इतरांना फाटकाच्या आतच घेत नाही.

उलटतपासणी
हे मात्र पटलं. गोणीबद्दलचं मत कायम.

चिंचगूळ
काल रात्री आईला व्हिडिओ कॉल लावला. लेक वही घेऊनच बसली होती. आई आधी लाजली, मग सुरूच झाली: शेणाच्या गवळणी कशा घालायच्या, बळीची ओवाळणी, तिच्या सासूबाई काय म्हणायच्या. पाऊण तास. यातलं निम्मं मीही पहिल्यांदाच ऐकलं. ‘मला कधी का नाही सांगितलंस?’ तर म्हणे, ‘तू कधी विचारलंस?’
पेपर सुधारून दिलाय, बी मिळाला. सक्तीला माझा विरोध आहेच. फक्त वळचण, ते कारीट इथे कुठे मिळेल का? लेक विचारतेय.