एमजीबी (जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार) सतत उजवीकडे ओढते. चासी वाकली आहे का, कसं ओळखायचं?

गियरवाला:
स्टिअरिंगवरचा हात सैल केला की गाडी उजवीकडे जाते. अलाइनमेंटवाल्याने टो (पुढची चाकं आत-बाहेर किती वळलेली, तो कोन) जुळवून दिला, तरी तेच. आता म्हणतो, "चासी गेलेली दिसतेय, माझ्याच्याने होणार नाही." रंगारी खोळंबलाय. चासी वाकली आहे की नाही, हे घरच्या घरी कसं कळेल? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनीच सांगा.

ओळंबा:
कुठल्या सालची? क्रोम बंपर की रबर? कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) आणि कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा पुढे-मागे कल) यांचे आकडे किती? प्रिंटआउट दिला असेल, तो टाका.

गियरवाला:
साल कशाला? वाकली की नाही, एवढंच विचारतोय.

निवांतस्वार:
आधी पुढचे दोन टायर डावे-उजवे बदलून बघा. ओढ डावीकडे गेली तर दोष टायरचा. माझ्या गाडीत तेच निघालं. लोक उगाच चासीपर्यंत पोचतात.

ओळंबा:
टायरचं बरोबर आहे, फुकटात होतं. साल अशासाठी, की 1974 च्या अखेरीस रबर बंपर आले तेव्हा गाडी दीड इंच उंच केली आणि पुढचा क्रॉसमेंबरही (सस्पेन्शन धरणारी आडवी तुळई) बदलला. आतापर्यंत कोणी कशावर काय बसवलंय, देव जाणे.
एमजीबीत पुढे फक्त टो जुळवता येतो. कॅम्बर साधारण 1 अंश पॉझिटिव्ह (चाक वरून बाहेर), कॅस्टर 7, किंगपिनचा (चाक ज्यावर वळतं त्या खुंटाचा) वरून आत कल 8, हे बनावटीतच ठरलेलं. दोन बाजूंत फरक आला म्हणजे काहीतरी झिजलंय नाहीतर वाकलंय. टो जुळवून ते जाणार नाही.

टर्बोभाऊ:
लिव्हर शॉक (जुने, हात असलेले शॉक अ‍ॅब्सॉर्बर) काढून कॉइलओव्हरचं (स्प्रिंग आणि शॉक एकत्र) किट टाका. विषय संपला.

ओळंबा:
वाकलेल्या रेलवर (चासीच्या लांब तुळईवर) किट? वा.

रंगपेटी:
रंगाचं निघालंच आहे म्हणून सांगतो, पत्रा उघडा केलात तर आधी इपॉक्सी प्रायमर मारा. नंतर पस्तावाल.

गियरवाला:
रंगाचं कोणी विचारलं? घ्या आकडे. 1971 ची रोडस्टर.
डावीकडे कॅम्बर +1, कॅस्टर 7, कल 8.
उजवीकडे कॅम्बर +2.5, कॅस्टर 5, कल 6.5.
टायर बदलून पाहिले, ओढ उजवीकडेच.

ओळंबा:
हे आधी दिलं असतं तर! कॅम्बर आणि कल यांची बेरीज करा. दोन्हीकडे 9. म्हणजे स्टब अ‍ॅक्सल (चाक ज्यावर बसतं तो छोटा आस) शाबूत. तो वाकला असता तर बेरीज बिघडली असती. उजवीकडची अख्खी जोडणी कलली आहे, वरून बाहेर आणि खालून आत. कॅस्टरही कमी, म्हणजे खालचं टोक मागे सरकलंय. कॅम्बर जास्त आणि कॅस्टर कमी, दोन्हींमुळे गाडी त्याच बाजूला ओढते. खालचा विशबोन (चाक खालून धरणारी दोन आर्मची जोडी), त्याचे बुश (सांध्यातलं रबर), क्रॉसमेंबर, या क्रमाने बघा. रेल शेवटी.

मिलीमीटर:
शेवटी का? रंगाच्या आधी रेलच बघायला हवी. सपाट फरशीवर गाडी स्टँडवर घ्या, चारही टोकं एका पातळीत. क्रॉसमेंबरचे चार लांब बोल्ट आणि मागच्या स्प्रिंगचे हँगर, इथून ओळंबे सोडा, फरशीवर खडूने खुणा करा आणि कर्ण मोजा. मग चाकं जमिनीवर ठेवून दोन्ही बाजूंचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) घ्या, 2311 मिमी हवा. रेलला सुरकुती किंवा आतल्या विंगच्या (मडगार्डच्या आतल्या पत्र्याच्या) सांध्यात सीलर तडकलेला दिसला तर ठोकर बसलेली आहे.

टर्बोभाऊ:
लेझरच्या जमान्यात दोरी आणि खडू!

मिलीमीटर:
लेझर चाकाचा कोन सांगतो, रेल कुठे आहे ते नाही.

निवांतस्वार:
वरचा आर्म म्हणजे लिव्हर शॉकचाच हात. त्याचा स्पिंडल ढिला असला तरी कॅम्बर हलतो. चाक वर-खाली धरून हलवून बघा.

गियरवाला:
शॉक घट्ट आहे. कर्णांत 2 मिमीचा फरक, रेल गुळगुळीत. व्हीलबेस उजवीकडे 9 मिमी कमी. विशबोनचे आर्म काढून जाड काचेवर ठेवले. डावे दोन सपाट बसतात, उजवीकडचा मागचा मधोमध उचललेला, खालून नख जातं. रंगाऱ्याला हो म्हणून टाकतो.

मिलीमीटर:
2 मिमी म्हणजे खडूच्या रेघेची जाडी. रेल ठीक आहे.

ओळंबा:
तरी रंग थांबवा. आर्म आणि बुश नवे घाला, बुशचे नट गाडी चाकांवर उभी असताना आवळा, नाहीतर रबर पिळून राहतं. मग आकडे पुन्हा घ्या. कॅस्टर 7 वर आला नाही तर क्रॉसमेंबर उतरवावा लागेल.

टर्बोभाऊ:
लिव्हर शॉक विकायचे झाले तर सांगा. मित्राला हवेत.