मदत हवी आहे: आजीची आखाजीची गाणी, ओठ पुढे आणि आवाज मागे

नमस्कार. अमळनेरजवळच्या आमच्या गावी यंदा आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आजी आणि तिच्या वयाच्या चार बायांची गौराईची गाणी रेकॉर्ड केली. आजी ८१ वर्षांची आहे. यातली काही गाणी तिच्याशिवाय आता गावात कोणालाच पूर्ण येत नाहीत. त्यामुळे हे काम मला नीटच करायचं आहे, पुन्हा संधी मिळेल असं धरून चालायचं नाही.

चित्रण मोबाईलवर केलं: १०८० पी, सेकंदाला ३० फ्रेम. मोबाईल खाटेवर उशी ठेवून टेकवला होता. मोबाईलचा माइक लांब पडत होता, म्हणून एका मित्राचा छोटा रेकॉर्डर बायांच्या मधोमध ठेवला. त्यावर ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइल. दोन्ही सुरू केल्यावर आत्याने एकदा जोरात टाळी वाजवली. सलग ५२ मिनिटं चाललं. साडेपाचला सुरुवात केली तेव्हा अंगणात ऊन होतं, संपलं तेव्हा निंबाखाली अंधारून आलं होतं.

लॅपटॉपवर एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाळीवर टाळी जुळवली. पहिली वीस-पंचवीस मिनिटं अगदी बरोबर. मग हळूहळू आवाज मागे पडत जातो आणि शेवटच्या गाण्यात जवळपास अडीच सेकंदांचा फरक होतो. आजीला दाखवलं तर म्हणाली, “मना आवाज मांगे काब ऱ्हास?” मला उत्तर देता आलं नाही.

रेकॉर्डरचा दोष म्हणावा, तर मोबाईलने स्वतः घेतलेला आवाजही लॅपटॉपवर तसाच मागे पडतो. तीच फाइल मोबाईलवर लावली की सगळं जुळलेलं. एकाच फाइलमध्ये चित्र आणि आवाज बांधलेले असताना ते सुटतातच कसे?

दुसरी अडचण: सुरतेच्या मावशीला फाइलची लिंक पाठवली, पण तिच्याकडे नुसतं चक्र फिरत राहतं. पूर्ण उतरल्याशिवाय पहिलं गाणंही दिसत नाही.

प्रतिसाद १

ताई, व्हिडिओची लांबी मोबाईलवर किती दिसते आणि एडिटिंगमध्ये किती? आणि मीडियाइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात फाइल उघडून ‘फ्रेम रेट मोड’पुढे काय लिहिलंय ते सांगा.

धागाकर्ती

मोबाईलवर ५२ मिनिटं १० सेकंद. एडिटिंगमध्ये चित्राची पट्टी ५२ मिनिटं ७ सेकंदांच्या थोडी पुढे संपते, आवाजाची पट्टी तिच्याही पुढे जाते. हे मी पाहिलंच नव्हतं! फ्रेम रेट मोडपुढे ‘व्हेरिएबल’ आहे.

प्रतिसाद १

मग दुखणं सापडलं: ‘व्हेरिएबल’ म्हणजे सेकंदाला निघणाऱ्या फ्रेमची संख्या बदलती. सविस्तर लिहितो, कारण हे एकदा कळलं की पुढच्या वर्षीचं रेकॉर्डिंग बिघडणार नाही.

एमपी४ ही फाइल म्हणजे डबा. त्यात चित्राचा प्रवाह वेगळा, आवाजाचा वेगळा, आणि दोन्हींचे लहान लहान तुकडे आलटून पालटून भरलेले. त्यांना बांधणारी दोरी कुठेच नसते. असतो तो प्रत्येक तुकड्यावरचा वेळेचा शिक्का, टाइमस्टँप: ही फ्रेम अमुक क्षणी दाखवा, हा आवाज अमुक क्षणी वाजवा. प्लेअर साधारणपणे आवाजाचं घड्याळ प्रमाण मानतो आणि शिक्का पाहून चित्र त्याच्याबरोबर नेतो. आवाज किंचित तुटला तरी कानाला लगेच खटकतं, एखादी फ्रेम गळली तर डोळ्याला कळतही नाही, म्हणून ही व्यवस्था.

आता तुमचं अंगण. उजेड कमी झाला की मोबाईल प्रत्येक फ्रेमला जास्त वेळ प्रकाश घेऊ देतो, म्हणून मध्येच सेकंदाला ३० ऐवजी २९ किंवा २८ फ्रेमच निघतात. शिक्के मात्र खरे असतात, म्हणून मोबाईलवर सगळं जुळतं. तुमचं सॉफ्टवेअर शिक्के न पाहता सगळ्या फ्रेम सेकंदाला ३० या मापाने ओळीत लावत असणार. ५२ मिनिटं १० सेकंदांच्या ९३,९०० फ्रेम हव्या होत्या. त्यात ७८ जरी कमी पडल्या तरी चित्र २.६ सेकंद आधी संपतं. ऊन होतं तोवर सगळं बरोबर आणि अंधारताना बिघाड, हे त्याचंच लक्षण.

उपाय: हँडब्रेक नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये फाइल घाला, फ्रेम रेट ३० आणि ‘कॉन्स्टंट’ निवडा. जिथे फ्रेम कमी आहे तिथे ते आधीचीच फ्रेम पुन्हा ठेवेल आणि लांबी बरोबर होईल. तिथेच ‘वेब ऑप्टिमाइझ्ड’वर खूण करा, मावशींचं काम त्यात होईल. कुठला तुकडा कुठे आहे याची अनुक्रमणिका मोबाईल फाइलच्या शेवटी लिहितो, कारण रेकॉर्डिंग संपेपर्यंत ती तयारच नसते. ती हाती आल्याशिवाय पलीकडचा प्लेअर सुरू होत नाही, आणि लिंक जिथे ठेवली असेल तिथून शेवटचा भाग आधी मागता येत नसेल तर सगळी फाइल उतरेपर्यंत थांबावं लागतं. या खुणेने अनुक्रमणिका पुढे येते.

मोबाईलची मूळ फाइल मात्र पुसू नका. नवी फाइल पुन्हा दाबलेली (कॉम्प्रेस केलेली) असते, चित्राचा दर्जा थोडा जातोच.

प्रतिसाद २

वरचं बरोबर आहे, फक्त मूळ फाइलबद्दल भर घालते. दाबल्याशिवाय हा व्हिडिओ ठेवायचा म्हटला तर १९२० गुणिले १०८० ठिपके, ठिपक्याला ३ बाइट, सेकंदाला ३० फ्रेम, म्हणजे सेकंदाला साधारण १८७ एमबी. तुमच्या ५२ मिनिटांना ५८४ जीबी लागले असते. म्हणून कोडेक, म्हणजे व्हिडिओ दाबण्याची पद्धत, एखादीच फ्रेम पूर्ण साठवतो आणि पुढच्या कित्येक फ्रेमचा फक्त बदल. पुन्हा न दाबता गाणी कापायची असतील तर काप पूर्ण फ्रेमवरच घ्या, नाहीतर गाण्याच्या तोंडाशी चित्र चौकोनी फुटेल. रेकॉर्डरचा आवाज आहे तसाच ठेवा. स्टिरिओ असला तरी तासाला जेमतेम १.०४ जीबी होतो. एक प्रत लॅपटॉपवर, एक वेगळ्या हार्ड डिस्कवर आणि एक दुसऱ्या घरी.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. हँडब्रेकला रात्रभर लावून ठेवलं. लांबी बरोबर ५२ मिनिटं १० सेकंद आली, मोबाईलचा आवाज शेवटपर्यंत जुळतो. मावशीचंही लगेच सुरू झालं. पण रेकॉर्डरचा आवाज शेवटी अजून पाव सेकंदाहून थोडा कमी मागे राहतो. इतकं चालेल का?

प्रतिसाद १

गाण्याला नाही चालणार. प्रसारणासाठीच्या आयटीयूच्या (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या) १९९८ च्या शिफारशीत आवाज ४५ मिलिसेकंद पुढे किंवा १२५ मिलिसेकंद मागे गेला की प्रेक्षकाला जाणवतं असं दिलंय. मागे पडलेला जास्त खपतो, कारण त्याची आपल्याला सवय असते. बोरी नदीच्या पलीकडच्या काठावर कोणी लाकूड फोडत असेल तर कुऱ्हाड आधी दिसते, ठोका मागून ऐकू येतो. तुमचा फरक मात्र २०० च्या आसपास आहे.

हा फरक दोन यंत्रांच्या घड्याळांचा. दोन्हींत क्वार्ट्झचे स्फटिक, आणि कुठलेही दोन स्फटिक तंतोतंत सारखे धावत नाहीत. दहा लाखांत ६४ भागांचा फरक असला तरी ५२ मिनिटांत ०.२ सेकंद होतो. आवाज ताणत बसू नका. दोन गाण्यांच्या मध्ये बाया थांबल्या असतील, तिथे आवाजाची पट्टी कापा आणि प्रत्येक गाणं मोबाईलच्या आवाजाशी वेगळं जुळवा. एका गाण्यात जो फरक उरेल तो कोणालाही कळणार नाही.

धागाकर्ती

अकरा गाणी, अकरा काप. झालं. आज दुपारी आजीला शेवटचं गाणं दाखवलं. काही बोलली नाही, दुसऱ्या कडव्यापासून स्क्रीनबरोबर गायला लागली. आणि मध्ये थांबून एक कडवं राहून गेलं म्हणाली, तेव्हा परवा पुन्हा रेकॉर्डर लावते आहे. मोबाईलमध्ये फ्रेम रेट आधीच पक्का करून ठेवायची सोय असते का? माझ्या कॅमेऱ्यात सापडत नाहीये.

प्रतिसाद १

कॅमेऱ्याच्या व्हिडिओ सेटिंगमध्ये ‘ऑटो एफपीएस’ किंवा ‘लो लाइट’ असं काही दिसलं तर ते बंद करा. नसेल तर हाताने सेटिंग करता येणारं वेगळं कॅमेरा अ‍ॅप घ्या. आणि परवा सकाळीच बसवा आजींना, उजेडात.