बी.कॉम. झालंय, पतसंस्थेत नोकरी आहे, आता सायकॉलॉजी करायचंय. कोल्हापुरात राहून जमेल का?

काउंटर_नंबर_तीन:
नमस्कार मंडळी. वय ३४, बी.कॉम., राजारामपुरीत एका पतसंस्थेत अकरा वर्षं काउंटरला आहे. लोक ठेव मोडायला येतात आणि ठेव का मोडतोय ते सांगत बसतात, मला ते ऐकायला आवडतं, खरं सांगायचं तर व्याजाचं कॅल्क्युलेशन करण्यापेक्षा जास्त आवडतं. परवा एक आजी आल्या, फॉर्मवर सही करता करता रडायला लागल्या, मी मागची लाईन थांबवली, मॅनेजर काचेतून बघतोय तर बघू दे म्हटलं. आणि मग मी काय केलं, तर म्हणाले, "आजी, सगळं ठीक होईल." झालं, आजी एकदम गप्प. डोळे पुसले, पैसे मोजले, गेल्या. केएमटीच्या बसमधून घरी येईपर्यंत तेच डोक्यात होतं की आपण काहीतरी चुकलो.

तर काउन्सेलिंग नीट शिकायचंय. नोकरी लगेच सोडता येणार नाही, मुलगा दुसरीत आहे, घरी सासूबाई आहेत त्यांची मदत आहे. एका क्लासची जाहिरात बघितली, तीन महिन्यांत सर्टिफाईड काउन्सेलर, फी अठरा हजार. करू का? का एम.ए.च करावं? बी.कॉम.वर घेतात का?

भवानी_मंडपचा_भावा:
ताई एवढा विचार कशाला, इग्नूचं एम.ए. सायकॉलॉजी करा की, घरबसल्या होतंय. माझ्या मेव्हणीनं केलं, नोकरी सांभाळून, बी.कॉम.च होती ती पण.

साडेसहाची_पॅसेंजर:
भावा, ते जुनं झालं. यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून सायकॉलॉजी डिस्टन्स आणि ऑनलाईन पद्धतीनं शिकवायला बंदी घातलीय, इग्नू असो नाहीतर कुणी असो. २०२१ च्या हेल्थकेअर प्रोफेशन्सच्या कायद्यात जे विषय येतात त्यांच्यासाठी तो निर्णय आहे. मेव्हणीची डिग्री चालते, तिनं आधी घेतली. पण आता कुणी "अजून ॲडमिशन चालू आहे, सीट भरतायत" म्हणालं तर पैसे खिशातच ठेवा.

भवानी_मंडपचा_भावा:
आयला, हे म्हाईत नव्हतं. सॉरी ताई.

कढी_नको_पांढरा_द्या:
तीन महिन्यांच्या कोर्सबद्दल मी बोलते, कारण मी त्यात पोळलेय. नाव घेत नाही. रविवारी चार तास, पीपीटी, शेवटच्या दिवशी फेटा बांधून सर्टिफिकेट वाटप, फोटो. सोनेरी बॉर्डरचं सर्टिफिकेट घेऊन एका शाळेत गेले तर मॅडमनी पहिला प्रश्न विचारला, एम.ए. कुठून? झाला इंटरव्ह्यू. एम.ए. झाल्यावर एखादं तंत्र शिकायला छोटे कोर्स चांगले असतात, मी पण नंतर केले. पण पाया म्हणून नाही. अठरा हजारात तुमची एम.ए.ची पुस्तकं, झेरॉक्स आणि दोन वर्षांचा चहा निघेल.

काउंटर_नंबर_तीन:
बरं झालं सांगितलंत, उद्या शेवटची तारीख होती त्यांची!

कढी_नको_पांढरा_द्या:
त्यांची शेवटची तारीख दर महिन्याला असते.

घाट_उतरून_रत्नागिरी:
ताई, कोर्स निवडायच्या आधी तुम्हाला नक्की काय व्हायचंय ते ठरवा, कारण आपल्याकडं सगळ्यांना सरसकट "मानसोपचार" म्हणतात आणि तिथंच गोंधळ होतो. सायकियाट्रिस्ट म्हणजे एम.बी.बी.एस. करून पुढं त्यात एम.डी. वगैरे केलेला डॉक्टर, औषधं तोच लिहितो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषध देत नाही, टेस्टिंग आणि थेरपी करतो, पण ती पाटी लावायला दिल्लीच्या आरसीआयची, म्हणजे रिहॅबिलिटेशन कौन्सिलची नोंदणी लागते. नुसत्या एम.ए. वर ती मिळत नाही, क्लिनिकल घेऊन एम.ए. केलं असलं तरी आरसीआयची मान्यता नसलेल्या कोर्सवर मिळत नाही. इथं पोरं लई फसतात.

आधी सरळ वाट होती, एम.ए. करायचं आणि मग दोन वर्षांचं एम.फिल., हॉस्पिटलमध्ये पूर्णवेळ. आपल्याला जवळचं म्हणजे धारवाडचं डिमहान्स, मानसिक आरोग्याची सरकारी संस्था, मुंबईपेक्षा निम्म्या अंतरावर. नव्या शैक्षणिक धोरणात एम.फिल. गेलं, फक्त क्लिनिकल सायकॉलॉजी आणि सायकियाट्रिक सोशल वर्कला २०२५-२६ च्या प्रवेशांपर्यंत मुभा दिली होती. आता आरसीआयनं चार वर्षांचं बी.एस्सी. ऑनर्स, दोन वर्षांचं एम.ए. क्लिनिकल आणि त्याच्या पुढं साय.डी., म्हणजे सायकॉलॉजीतली डॉक्टरेट, अशी नवी रचना आणलीय. मान्यताप्राप्त संस्थांची यादी त्यांच्याच साईटवर बघायची, दुसरीकडं नाही.

पण तुमची पोस्ट वाचून मला वाटतं तुम्हाला क्लिनिकल नकोच आहे. नोकरी आणि दुसरीतला मुलगा बघता ते जमणारं पण नाही, स्पष्ट बोलतो, राग मानू नका.

काउंटर_नंबर_तीन:
राग कसला. मला आजींशी नीट बोलता यावं एवढंच आहे सध्या.

तिकटीवरची_मावशी:
मग माझं ऐक. मी चाळिशीत एम.ए. केलं, आता दोन शाळांत काउन्सेलर आहे. बी.कॉम.वाल्यांना कुठं थेट घेतात, कुठं बी.ए.ला सायकॉलॉजी असावंच लागतं, कुठं प्रवेश परीक्षा. फोनवर विचारू नकोस, फोनवर प्रत्येकजण वेगळं सांगतो. शिवाजी विद्यापीठात विद्यानगरला स्वतः जा, चालू वर्षाचं माहितीपत्रक घे, पात्रतेची ओळ बोट ठेवून वाच, आणि कुठल्या संलग्न कॉलेजात एम.ए.ची तुकडी आहे आणि तास किती वाजता असतात ते विचार. सकाळचे तास मिळाले तर तुझं अर्धं काम झालं.

आता आत गेल्यावर काय असतं ते कुणी सांगत नाही. पहिला धक्का स्टॅटिस्टिक्सचा. माणसांच्या मनात शिरायला आलेल्या पोरी स्टँडर्ड डेव्हिएशन बघून पळतात, टी-टेस्टला उरलेल्या. तू व्याज काढतेस, तुला ते काहीच नाही, उलट वर्गातल्या पोरी तुझ्या मागं लागतील. दुसरं प्रॅक्टिकल. सब्जेक्ट म्हणून माणूस आणायचा आणि जर्नल लिहायचं. मी सासूबाईंनाच बसवलं. म्युलर-लायरच्या दोन रेषा असतात, एकीच्या टोकांना बाण आत, दुसरीच्या बाहेर, लांबी सारखीच पण एक मोठी दिसते. सासूबाई म्हणाल्या, मला सारख्या दिसायला पाहिजेत का मोठी-लहान, तुला मार्क कशात जास्त आहेत? मग निरर्थक अक्षरं पाठ करायला लावली, किती वेळात किती विसरतात ते बघायला. एबिंगहॉस ह्या जर्मन सायकॉलॉजिस्टनं ते प्रयोग स्वतःवरच केले आणि १८८५ साली छापले, त्याला घरात कुणी बसायला तयार नसणार.

आणि तुझ्या त्या आजींबद्दल. "सगळं ठीक होईल" हे आपण त्यांच्यासाठी म्हणत नाही, आपल्याला त्यांचं रडणं झेपत नाही म्हणून म्हणतो. काउन्सेलिंगच्या सरावाला तिघातिघांचे गट करतात, एकजण काउन्सेलर, एकजण क्लायंट, तिसरा नुसता बघतो आणि लिहितो. माझ्या पहिल्या सरावात तिसऱ्या पोरीनं लिहिलं होतं, दहा मिनिटांत सात सल्ले. मला वाटत होतं मी ऐकतेय! आपल्या कोल्हापुरात तर समोरच्यानं तोंड उघडायच्या आत आपला सल्ला तयार असतो, गंगावेशीत दूध पिता पिता पण. कार्ल रॉजर्स ह्या अमेरिकन सायकॉलॉजिस्टनं १९५७ मध्ये ज्या अटी मांडल्या, समोरच्याचं त्याच्या जागेवरून समजून घेणं, विनाअट स्वीकार आणि स्वतः खोटं न वागणं, त्या परीक्षेला पाठ होतात, पण अंगात यायला मला दोन वर्षं पण पुरली नाहीत. आजींना "ही ठेव कशासाठी ठेवली होती?" एवढं विचारून गप्प बसली असतीस तरी त्या बोलल्या असत्या.

घाट_उतरून_रत्नागिरी:
मावशी, एक नंबर. आणि एम.ए. करताना सीपीआर ह्या सरकारी हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागात बसायला मिळतंय का ते सरांमार्फत विचारायचं. पुस्तकातलं डिप्रेशन आणि ओपीडीतलं डिप्रेशन, लई फरक असतो. ओपीडीत लोक "उदास वाटतंय" म्हणत नाहीत, "डोकं जड झालंय, जेवण जात नाही" म्हणतात.

रंकाळ्याची_म्हातारी:
पुण्याचा पर्याय पण सांगते, भाचीनं तिकडं केलं. चांगलं शिकवलं, पण पहिले सहा महिने तिनं आपल्या कोल्हापुरी बायकांसारखं "मी आलो, मी बसलो" म्हटलं की वर्ग हसायचा. भावी काउन्सेलरांचा वर्ग हो!

भवानी_मंडपचा_भावा:
😂 पण नोकरीचं काय? पैसे मिळतात का ह्यात?

तिकटीवरची_मावशी:
सुरुवातीला कमी, खोटं कशाला बोलू. स्वतःचं काढलं तर पहिलं वर्ष दोन-चार क्लायंट, त्यातला एक नातेवाईक, आणि नातेवाईकाला घ्यायचंच नसतं. पण सुप्रीम कोर्टानं जुलै २०२५ मध्ये शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थांना किमान एक पात्र काउन्सेलर, सायकॉलॉजिस्ट किंवा सोशल वर्कर नेमायला सांगितलंय, क्लासवाले पण त्यात आले. "पात्र" ह्या शब्दावर बोट ठेव, तिथंच ते फेटेवालं सर्टिफिकेट गळतं. आणि पतसंस्था आत्ता सोडू नकोस. तिथं जेवढी माणसं पैशापायी रडतात तेवढी मला शाळेत पण दिसत नाहीत.

काउंटर_नंबर_तीन:
सगळ्यांचे आभार. सोमवारी हाफ डे टाकलाय, विद्यानगरला जाते. घरी आत्ताच सांगितलं. सासूबाईंनी फक्त एवढंच विचारलं, त्या रेषा बघायला चष्मा घालून बसायचं का काढून.